लाईट घेतलेल्या कातडीवरची जखम भरत का नाही, आणि मग करायचं काय?

ड्रेसिंगरूम_मिरज
रामराम मंडळी. कॅन्सरसाठी लाईट, म्हणजे किरणोपचार (रेडिएशन), घेतलेल्या जागेवर जखम होते, महिनोन् महिने भरत नाही, आणि घरची माणसं मलमामागून मलम बदलत बसतात. जत, विटा, वडूज, पाटण, गाव कुठलंही असो, प्रश्न तोच. म्हणून एका जागी लिहून ठेवतेय. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेल तिथं बिनधास्त टोकावं.

आधी एक फरक ध्यानात घ्या. लाईट चालू असताना किंवा संपल्यावर लगेच कातडी लाल होते, सोलवटते, काखेत नाहीतर स्तनाखाली ओली होते. ते बहुतेकांचं लाईट संपल्यावर २ ते ४ आठवड्यांत भरून येतं. हा धागा त्याचा नाही. सहा महिन्यांनी, पाच वर्षांनी, कधी वीस वर्षांनीसुद्धा त्याच जागी जी जखम उघडते, तिचा आहे.

किरणांनी कॅन्सरच्या पेशी मरतात, पण वाटेतल्या बारीक रक्तवाहिन्यांनाही मार बसतो. त्यांचं आतलं अस्तर जाड होत जातं, पोकळी अरुंद होते आणि रक्त कमी पोचतं. नवं मांस विणणाऱ्या पेशी दुबळ्या पडतात, उलट कडक तंतू साठत जातात. तेलाच्या आणि घामाच्या ग्रंथी मरतात, म्हणून कातडी कायमची कोरडी. वरून ती पातळ, चकचकीत, लाल धाग्यांसारख्या शिरांची दिसते आणि खाली बरगडीला चिकटल्यागत घट्ट लागते. अशी कातडी रोजचा दिवस कशीबशी ढकलते. चिकटपट्टी ओढली, ब्लाउजची शिवण घासली, गरम पाण्याची पिशवी ठेवली, की भरून काढायला लागणारं जादा रक्त तिला मिळतच नाही. वरून कुठलंही मलम लावा, ही रसद त्यातून येत नाही.

म्हणून मलमाच्या आधी दोन कामं. पहिलं, ही जखमच आहे ना, कॅन्सर परत आलेला नाही ना, हे बघणं. कडा उचललेली किंवा वळलेली, हात लावताच रक्त, मध्येच मांसाचा कोंब, भराभर वाढ, नाहीतर लाईट घेतलेल्या स्तनावर जांभळे-निळे डाग, यातलं एकही दिसलं तर तुकडा काढून तपासायलाच हवा (बायोप्सी). जुन्या किरणजखमेत नव्यानं कॅन्सर होऊ शकतो. तुकडा कडेवरून आणि शक्यतो उपचार केलेल्या टीमनंच घ्यावा, कारण या कातडीत प्रत्येक काप म्हणजे आणखी एक जखम. जबड्याचं हाड उघडं पडलं असेल तर आधी स्कॅन, तुकड्याचं मग ठरवायचं.

दुसरं, किरणोपचाराचा समरी कागद शोधून ठेवा. एकूण डोस, किती बैठका, तारखा, कुठला भाग, कुठलं मशीन, सगळं त्यात असतं. तो नसला की पुढचा डॉक्टर अंदाजानं चालतो.

कृष्णाकाठी
धन्यवाद सिस्टर. आमच्याकडे आईच्या छातीवर, डाव्या बाजूला, रुपयाएवढी जखम आहे. गावातले कंपाउंडर रोज बिटाडीन लावून कोरडं गॉज बांधतात आणि दुसऱ्या दिवशी सुकलेलं ओढून काढतात. हे बरोबर आहे का? घरी करायचं तर नेमकं कसं?

ड्रेसिंगरूम_मिरज
ओढून काढणं आजपासून बंद करायला सांगा दादा. सुकलेलं गॉज निघताना रात्रभरात आलेला नवा थर घेऊन निघतं. निरोगी पायावरच्या जखमेत ते एकवेळ भरून येईल, इथं येत नाही. बिटाडीन, हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, डेटॉल, युसॉल यातलं काही रोज जखमेच्या आत नको. जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात.

घरी असं करा. वेदनेची गोळी ठरवून दिली असेल तर ड्रेसिंगच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या. हात साबणानं धुवा. औषधाच्या दुकानातली नॉर्मल सलाईनची १०० मिलीची बाटली आणा, फ्रीजमधली गार वापरू नका, आणि फोडलेली २४ तासांनी टाकून द्या. जुन्या पट्टीवर सलाईन ओतून ५ ते १० मिनिटं थांबा, आपोआप सुटू दे. मग सुई न लावलेल्या २० मिलीच्या सिरिंजनं हलक्या धारेनं धुवा. पुसायचं नाही. भोवतालची कातडी मऊ गॉजनं टिपून घ्या.

पुढं काय ठेवायचं ते जखम कोरडी आहे की वाहतेय त्यावर. कोरडी, पिवळट, चिकट असेल तर हायड्रोजेलचा ३ ते ५ मिलिमीटरचा थर, त्यावर न चिकटणारी सिलिकॉनची जाळी किंवा पॅराफिन गॉज, वर साधं गॉज. हे १ ते ३ दिवसांनी बदला. वाहती असेल तर कॅल्शियम अल्जिनेट (पाझर शोषणारी पट्टी) आणि वर फोम. फोमवरचा ओला डाग कडेपासून बोटभर अंतरावर आला की बदलायचा, नाही आला तरी ७ दिवसांच्या वर ठेवायचा नाही. वाहत्या जखमेवर जेल घातलं तर भोवतालची कातडी पांढरी, भिजून फुगल्यासारखी होते आणि जखम रुंदावते. कोरड्या जखमेवर अल्जिनेट घातलं तर ते खडा होऊन चिकटतं. निम्मा घोळ या अदलाबदलीतच होतो.

भोवती झिंक किंवा डायमेथिकोनचं क्रीम पातळसं लावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लाईटच्या पट्ट्यात चिकटपट्टी लावायचीच नाही. जाळीचं नळीसारखं बँडेज मिळतं, ते छातीवर छान बसतं. नाहीतर जुनी सुती बनियन बाजूनं कापून, नाड्या लावून वापरा. अगदीच लागली तर सिलिकॉनची टेप, आणि काढताना कातडीलगत, आडवी, सावकाश.

वास येत असेल तर मेट्रोनिडाझोल जेल ०.७५ टक्के, पण आधी डॉक्टरांना दाखवून. काळी, कोरडी, घट्ट बसलेली खपली असेल आणि खाली पू, लाली, ताप काही नसेल तर ती उचकटू नका. लाईटच्या जागी खपलीखाली बऱ्याचदा भलं मोठं भगदाड निघतं आणि ते झाकायला काही उरत नाही.

हळदबाजार
सिस्टर, राग मानू नका, पण सांगलीत बसून हळदीचं नावसुद्धा नाही? आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या कापलं-खरचटलं की हळदच.

ड्रेसिंगरूम_मिरज
राग कसला! सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्याला अभिमान आहेच. पण भुकटी निर्जंतुक नसते, तिचे कण जखमेत अडकून बसतात, ओल शोषून जखम कोरडी करतात, आणि पिवळ्या रंगाखाली लाली वाढतेय की काय ते कळत नाही. बोट कापलं तर शरीर हे सगळं पचवतं. इथल्या कातडीत ते त्राण नाही. कोरफडीचा ताजा गर, तूप, राख, यांचंही तेच.

औषधी_दहिवडी
+१. शिवाय हळदीतल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल लाईट चालू असताना कातडी वाचवतात का, हे तपासून झालंय. सुरुवातीच्या लहान चाचणीत फायदा दिसला होता, नंतरच्या मोठ्या चाचणीत फरक दिसला नाही. आणि ते सगळं पोटातून घ्यायच्या कॅप्सूलबद्दल, जखमेवर भुकटी टाकण्याबद्दल नव्हेच.

किरणमोजणी
मी मशीनच्या बाजूचा माणूस, त्यामुळे डोसबद्दल थोडं. स्तनासाठी नेहमीचे आराखडे म्हणजे २५ बैठकांत ५० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप) किंवा १५ बैठकांत ४० ग्रे. तोंड-घशासाठी साधारण ३० ते ३५ बैठकांत ६० ते ७० ग्रे. नुसता बेरजेचा आकडा पाहू नका. उशिरा होणारं नुकसान दर बैठकीच्या डोसवर जास्त अवलंबून असतं. त्यातही कातडीला किती बसला हा प्रश्न वेगळा. जुन्या कोबाल्ट मशीनच्या किरणांचा जोर कातडीखाली अर्ध्या सेंटिमीटरवर सर्वाधिक असतो, लिनॅक या नव्या मशीनच्या ६ एमव्ही ताकदीच्या किरणांचा दीड सेंटिमीटरवर. म्हणजे जुन्या कोबाल्टवर कातडीला जास्त झळ. छातीवर मेणासारखा थर ठेवून लाईट दिला असेल, ज्याला बोलस म्हणतात, तर तो कातडीला पूर्ण डोस मिळावा म्हणूनच ठेवलेला असतो. काख, मानेची घडी, स्तनाखालची घडी, इथं कातडीवर कातडी येते आणि ती स्वतःच बोलसचं काम करते.

आता एक गोष्ट, जी कुणी विचारत नाही. ज्यांनी आयुष्यात कॅन्सरचा लाईट घेतला नाही, त्यांच्या पाठीवरही हीच जखम होऊ शकते. लांबलेली किंवा लागोपाठ दोन-तीनदा झालेली अँजिओप्लास्टी. एक्स-रेची नळी टेबलाखाली असते, किरण पाठीतून आत शिरतात. खांद्याच्या पात्याजवळ नाहीतर पाठीच्या मध्यावर चौकोनी, सरळ कडांचा लाल किंवा काळपट डाग आठवड्यांनी उमटतो आणि काही महिन्यांनी फुटतो. तोवर गजकर्ण, ॲलर्जी, अंथरुणाचा व्रण समजून मलमं चालू असतात. कडा पट्टीनं आखल्यासारखी सरळ असेल तर हृदयाची फाईल काढा आणि त्या दिवशीची एअर कर्माची, म्हणजे मशीननं मोजलेल्या किरणांच्या डोसची, नोंद मागा. ५ ग्रेच्या पुढं नोंद असेल तर पेशंटला पाठ बघत राहायला सांगायचा रिवाज आहे. कातडीला १५ ग्रेच्या वर बसला तर व्रण पडण्याची भीती खरी.

कृष्णाकाठी
वाचनखूण साठवली. औषधी_दहिवडी, रक्त पातळ करून जखम भरायची गोळी असते असं ऐकलं. खरं काय?

औषधी_दहिवडी
ती पेंटॉक्सिफिलिन. सोबत व्हिटॅमिन ई. अभ्यासांत वापरलेला डोस म्हणजे पेंटॉक्सिफिलिन ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि व्हिटॅमिन ई दिवसाला १००० युनिट. तांबड्या पेशी लवचिक होतात, अरुंद वाहिनीतून सरकतात, आणि कडक तंतूंची वाढ मंदावते, असा त्यामागचा विचार. अभ्यास लहान आहेत, काहींत फायदा, काहींत नाही. माझं मत विचाराल तर कडकपणा आणि दुखण्यासाठी करून बघण्याजोगं, नुसत्या यावर भोक बुजेल ही आशा नको. किमान सहा महिने घ्यावं लागतं. दोन महिन्यांत कंटाळून सोडलं तर कडकपणा उलटून येतो, आणि बहुतेक जण तिथंच सोडतात.

गोळी सावकाश विरघळणारी आहे. जेवणाबरोबर, अख्खी गिळायची. घशाचा लाईट झालेल्यांना गिळायला जड जातं म्हणून घरचे कुटून देतात, मग सगळं औषध एकदम रक्तात जाऊन चक्कर आणि मळमळ. मेंदूत किंवा डोळ्याच्या पडद्यात नुकता रक्तस्राव झालेल्यांना चालत नाही. वॉर्फरिन, क्लोपिडोग्रेल, इन्सुलिन चालू असेल किंवा किडनी कमजोर असेल तर डॉक्टरांनी तोलूनच द्यायचं. ऑपरेशन ठरलं की सर्जनना आवर्जून सांगा. काउंटरवर चिठ्ठीशिवाय मागू नका, मी देत नाही.

आहारताई_सातारा
सिस्टरनी रसद म्हटलं ते ताटालाही लागू आहे. अशा जखमेला दर किलो वजनामागं रोज १.२५ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५० किलोच्या बाईला ६२ ते ७५ ग्रॅम. चहा-बिस्किट आणि भाताची पेज यावर हा आकडा निम्मासुद्धा होत नाही. आपल्याच स्वयंपाकघरात बसवून दाखवते: ज्वारीच्या तीन भाकरी १५ ग्रॅम, अर्धा लिटर दूध १६, दोन अंडी १२, मूठभर म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाणे १२, आणि ५० ग्रॅम कोरडी मटकी किंवा हुलगा भिजवून ११. झाले ६६. अंडी चालत नसतील तर २५ ग्रॅम सोयावडी. चावता येत नसेल तर घट्ट वरण, दुधात दूध पावडर, कुटाची आमटी. किडनीचा आजार असेल तर मात्र हा हिशेब डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

पथ्याच्या नावाखाली "जखम चिघळेल" म्हणून अंडी, डाळ, आंबट सगळं बंद करतात. ते चालू करा. आंबट म्हणजे लिंबू, आवळा, पेरू. क जीवनसत्त्वाशिवाय नवं मांस धरत नाही.

आणि मिश्री. याबद्दल बायका डॉक्टरांना सांगत नाहीत आणि डॉक्टर विचारत नाहीत. मिश्रीतलं निकोटीन हिरडीतून रक्तात जातं आणि आधीच अरुंद झालेल्या वाहिन्या आणखी आकसतात. तंबाखू, बिडी, गुटखा यांचंही तेच, पण "मी कुठं तंबाखू खाते" म्हणणारीच्या कनवटीला मिश्रीची डबी असते. दिवसातून चारदा लावत असाल तर बाकीचं सगळं पाण्यात.

रक्ताच्या तपासण्या: हिमोग्लोबिन, तीन महिन्यांची साखर, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन). मानेला लाईट झाला असेल तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी. थायरॉइड वर्षा-दोन वर्षांनी हळूहळू मंदावतं, थकवा वयाचा समजला जातो आणि जखम तशीच राहते.

फ्लॅपवाला
धागा चांगला चाललाय, आता कडू भाग. हाडापर्यंत गेलेली, किंवा चांगल्या ड्रेसिंगनंतरही तीन महिने जागची न हललेली जखम बहुतेक वेळा ऑपरेशनशिवाय भरत नाही. नातेवाईक म्हणतात, "मांडीची कातडी काढून लावा की." तसं रोपण नापीक रानातल्या रोपासारखं. पहिले काही दिवस ते खालच्या थरातून पाझरणाऱ्या रसावर जगतं, मग खालून नव्या वाहिन्या याव्या लागतात. इथं त्या येत नाहीत, आणि आठवड्याभरात ते काळं पडतं.

म्हणून मांस स्वतःच्या रक्तवाहिनीसकट आणावं लागतं, यालाच फ्लॅप म्हणतात. छातीसाठी पाठीचा लॅटिसिमस स्नायू किंवा पोटातली ओमेंटमची चादर, मानेसाठी छातीचा पेक्टोरालिस, माकडहाडासाठी नितंबाचा भाग, जांघेसाठी मांडीचा किंवा पोटाचा स्नायू. दुरून सुटा तुकडा आणायचा तर त्याची वाहिनी लाईटच्या पट्ट्याबाहेरच्या वाहिनीला जोडता आली तर उत्तम. त्याआधी खराब भाग ताजं रक्त दिसेपर्यंत कापायचा. रुपयाएवढी जखम टेबलावर तळहाताएवढी होते. हे आधी सांगितलं नाही तर नातेवाईक घाबरतात, आणि ते साहजिक आहे. मेलेली बरगडी ठेवली तर फ्लॅपखालून पू येत राहतो, तीही काढावी लागते. टाके नेहमीपेक्षा जास्त दिवस, दोन-तीन आठवडे ठेवतो, कारण फ्लॅपची एक कड शेवटी लाईटच्या कातडीलाच शिवलेली असते आणि सुटते ती तिथंच.

जखम लहान पण भोवताल दगडासारखा असेल तर पोटाची चरबी काढून, गाळून, बारीक नळीनं कातडीखाली पेरतात. इटलीत रिगोटी आणि सहकाऱ्यांनी २००७ साली यावर लिहिलं, तेव्हापासून हे पसरलं. दोन-तीन बैठका लागतात. कॅन्सर परत आलेला नाही याची खात्री आधी.

व्हॅक्युम ड्रेसिंगबद्दल, म्हणजे जखमेवर यंत्रानं ओढ लावणाऱ्या ड्रेसिंगबद्दल, जपून. नेहमीचा दाब १२५ मिलिमीटर पारा, या कातडीवर तो कमी ठेवावा लागतो. जखमेत कॅन्सर असेल किंवा मान-जांघेतली मोठी रक्तवाहिनी उघडी असेल तर लावायचंच नाही. लाईटनं कमकुवत झालेली वाहिनी फुटते. त्यावरूनच एक इशारा: मानेच्या जखमेतून चमचाभर ताजं लाल रक्त येऊन आपोआप थांबलं, तरी ते मोठ्या स्रावाची नांदी असू शकतं. तळहातानं दाबून धरा आणि तशाच अवस्थेत मोठ्या रुग्णालयात न्या. सकाळची वाट बघू नका.

कृष्णाकाठी
ऑक्सिजनच्या चेंबरनं ऑपरेशन टळतं म्हणतात?

फ्लॅपवाला
माझ्या मते क्वचित. नेहमीपेक्षा दोन ते अडीच पट दाब, त्यात शुद्ध ऑक्सिजन, ९० मिनिटं, अशा ३० ते ४० बैठका. १९८३ साली मार्क्सनं मांडलं की लाईटच्या ऊतीत पेशी कमी, वाहिन्या कमी, प्राणवायू कमी. त्यावर ही पद्धत उभी राहिली. पण जबड्यात दात काढताना हाड सडू नये म्हणून ती सरसकट द्यावी का, हे २०१९ च्या ब्रिटिश चाचणीत तपासलं आणि फायदा दिसला नाही. सांगलीहून पुण्या-मुंबईला सहा-आठ आठवडे मुक्काम करायचा, तोवर जखम तशीच, आणि शेवटी फ्लॅप लागायचा तो लागतोच.

ड्रेसिंगरूम_मिरज
डॉक्टर, इथं थोडं असहमत. ती चाचणी दात काढताना हाड वाचवण्याची होती, उघड्या जखमेची नव्हती. आणि ज्यांना भूल देणंच धोक्याचं, हृदय कमजोर, वय ऐंशी, त्यांना तुम्ही काय देता? त्यांच्यासाठी चेंबर हा उरलेला खरा पर्याय आहे.

फ्लॅपवाला
मान्य. भूल न झेपणाऱ्याला जरूर. फक्त आधी छातीचा एक्स-रे, कानाची तपासणी, आणि ब्लिओमायसिन हे कॅन्सरचं औषध घेतलं होतं का हे विचारा. फुगवायच्या पिशवीतला १.३ पट दाबाचा "ऑक्सिजन थेरपी" प्रकार म्हणजे हे नव्हे, त्यावर पैसे घालू नका.

औषधी_दहिवडी
आणि आत जाताना अंगावर तेलकट मलम, व्हॅसलीन काही नको, कपडे फक्त सुती. शुद्ध ऑक्सिजनमध्ये आगीचा धोका असतो. पॅराफिन गॉज लावलेलं असेल तर आधी तिथल्या लोकांना सांगा.

कृष्णाकाठी
शेवटचे दोन प्रश्न. जखम सुधारतेय हे ओळखायचं कसं? आणि पू तपासायला दिला, त्यात जंतू निघाले, अँटिबायोटिक सुरू करू का?

ड्रेसिंगरूम_मिरज
उघड्या जखमेत जंतू निघणारच, नुसत्या रिपोर्टवर गोळ्या नकोत. लाली पसरणं, गरम लागणं, दुखणं वाढणं, ताप, वास अचानक बदलणं, यातलं काही असेल तर. नमुना घेतानाही आधी सलाईननं धुवून, स्वच्छ दिसणाऱ्या भागावर एक चौरस सेंटिमीटरात काडी दाबून पाच सेकंद फिरवायची. वरवरचा पू उचलला तर रिपोर्टात कचरा येतो. पाझर हिरवट असेल तर १ टक्का व्हिनेगरच्या पाण्याचं गॉज १० ते १५ मिनिटं ठेवून, मग सलाईननं धुऊन, काही दिवस करतात. बाजारातलं पांढरं व्हिनेगर ५ टक्क्यांचं असेल तर एक भागाला चार भाग सलाईन. पण डॉक्टरांनी सांगितलं तरच.

मोजमाप आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. डोक्याकडून पायाकडे सर्वांत जास्त लांबी, तिला काटकोनात सर्वांत जास्त रुंदी, कागदी पट्टीनं. पट्टी शेजारी ठेवून, त्याच खिडकीच्या उजेडात फोटो. रोज बघणाऱ्याला बदल दिसत नाही. साध्या जखमेत चार आठवड्यांत निम्मं क्षेत्र कमी व्हावं अशी अपेक्षा असते. इथं तेवढं मागू नका, पण चार आठवड्यांत आकडा अजिबात हलला नाही किंवा वाढला तर मलम बदलण्याऐवजी सर्जनची वेळ घ्या.

आईच्या बाबतीत या आठवड्यात एवढंच: कोरडं गॉज बंद, जाळी आणि जाळीचं बँडेज चालू, साखर आणि हिमोग्लोबिन, लाईटचा समरी कागद, कडेचा तुकडा घ्यायचा का हे कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारणं. रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्या. रुग्णालयात महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे आरोग्यमित्र बसतात, त्यांना फाईल दाखवून फ्लॅपचं ऑपरेशन योजनेत बसतं का, हे दाखल व्हायच्या आधीच विचारा.

कृष्णाकाठी
शुक्रवारी मिरजेला येतोय. मोजून, फोटो काढून आणतो.